मुलांना चांगलं वळण लावायचंय, पण सुरुवात कुठून करायची?

दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की आमच्या दांडिया बाजार साइडच्या मराठी ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "इथे जवळपास कोणी संस्कार वर्ग घेतं का, मुलगा अजिबात ऐकत नाही." मग खाली पाच-सहा रिप्लाय, कोणी श्लोकांचा क्लास सांगतं, कोणी योगा, कोणीतरी ॲबॅकसही सुचवतं (त्याचा काय संबंध देव जाणे). मी इथे बडोद्यातच गुजराती मीडियमच्या शाळेत शिकवते, मुलं बेन म्हणतात, घरी मराठी. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो, शाळेत नव्याने लागलेल्या टीचर्सकडून आणि पहिल्यांदाच आईबाबा झालेल्या लोकांकडून. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदा सगळं सविस्तर लिहून टाकते.

श्लोकाच्या वर्गाला माझा अजिबात विरोध नाही. पाठांतर होतं, उच्चार सुधारतात, मूल तासभर बाहेर राहतं आणि आईला चहा गरम असताना पिता येतो, हे काही कमी नाही. पण त्याने मूल खरं बोलायला लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. अमेरिकेत १९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना अशा प्रसंगात टाकून बघितलं होतं जिथे गुपचूप लबाडी करता येईल, पेपर स्वतः तपासताना, खेळात, पैशांच्या बाबतीत वगैरे. दिसलं काय, तर एकच मूल एका ठिकाणी सरळ वागतं आणि दुसऱ्या ठिकाणी लबाडी करतं, आणि चांगलं काय वाईट काय हे तोंडी किती येतं याचा प्रत्यक्ष वागण्याशी फार कमी संबंध लागतो.

मला तर यात दिलासाच वाटतो. पोरगं मुळात लबाड आहे असा शिक्का मारायची गरज नाही, ते त्या जागी काय चालतं ते बघून वागतं, आणि जागा आपल्या हातात असते. ज्या घरात, ज्या वर्गात खरं बोलणं स्वस्त पडतं तिथे मुलं खरं बोलतात, जिथे महागात पडतं तिथे नाही. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ही किंमत कमी कशी करायची याबद्दलच आहे.

पहिली पायरी: एकच गोष्ट धरा

नवीन लोक काय करतात, तर कार्डबोर्डवर यादी लावतात. प्रामाणिकपणा, नम्रता, शिस्त, करुणा, देशप्रेम. यादी भिंतीवर छान दिसते आणि दिवाळीच्या साफसफाईत निघते. त्याऐवजी एक गुण घ्या आणि त्याचं डोळ्यांनी दिसेल असं काम करून टाका. "प्रामाणिक राहा" हे सात वर्षांच्या मुलाला कळत नाही, पण "दुकानातून आलास की उरलेले सुटे पैसे फ्रिजवरच्या वाटीत टाकायचे आणि किती ते मला सांगायचं" हे कळतं. "मोठ्यांचा मान ठेव" यापेक्षा "आजी बोलत असली की टीव्हीचा आवाज कमी करायचा". वर्गात "एकमेकांना मदत करा" म्हणण्याऐवजी "जो काल ॲबसेंट होता त्याला बाजूच्याने वही दाखवायची, मधल्या सुट्टीच्या आधी".

आणि धीर धरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने २०१० साली सवयींवर अभ्यास छापला, तोही मोठ्या माणसांवर, त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसामाणसात फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नव्हतं. त्यामुळे आठवड्याभरात "काही फरक नाही हो" असा निकाल लावू नका आणि एक दिवस वाटीत पैसे आले नाहीत म्हणून महाभारतही करू नका.

दुसरी पायरी: आधी घरातल्या मोठ्यांची तपासणी

ही पायरी कुणालाच आवडत नाही म्हणून मी मुद्दाम लवकर घेते.

एक आठवडा नुसतं ऐका की आपल्या घरात मुलासमोर कायकाय बोललं जातं. "सांग, बाबा घरी नाहीत." "मुंबईच्या गाडीत टीसीने विचारलं तर साडेचार वर्षांचा आहे म्हण." (पाच वर्षांखाली रेल्वेत तिकीट लागत नाही ना, म्हणून आमच्याकडे सहा वर्षांची मुलं सुट्टीत साडेचारची होतात आणि शाळा उघडली की परत सहाची.) "ताप आला होता असं लिहून देते बेनला, लग्नाचं नको सांगूस." यातलं एकेक छोटं आहे आणि आपण सगळेच करतो, पण मुलाला यातून पक्कं कळतं की खोटं बोलणं वाईट नाही, पकडलं जाणं वाईट.

बडोद्यातली सगळ्यात मोठी केस म्हणजे ॲक्टिव्हा. नववी-दहावीतली पोरं ट्युशनला ॲक्टिव्हावर जातात, तिघंतिघं, हेल्मेट नाही, आणि बाबा स्वतः सांगतात की सर्कलवर पोलीस दिसला तर आतल्या गल्लीतून काढ. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं, आणि ॲक्टिव्हा त्याच्या दुप्पट-अडीचपट सीसीची असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये बदल झाला त्यानंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे कायद्यालाही कळलंय चावी कोणी दिली ते. तसं बघितलं तर बडोद्याला ही गोष्ट जुनीच आहे, सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात करून बघितलं आणि १९०६ मध्ये अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत आलं नाही तर दंड पालकांना व्हायचा.

म्हणून घरात एक नियम करा की जो नियम मुलाला तो मोठ्यांना. जेवताना मोबाईल नाही तर आजोबांनाही नाही. आजोबा ऐकणार नाहीत, मला माहितीये. तेव्हा मुलाला सरळ सांगा की आजोबांना जमत नाहीये, आपण दोघं करू. "ते मोठे आहेत, त्यांचं चालतं" असं मात्र म्हणू नका.

तिसरी पायरी: खोटं पकडलं की पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं

सगळ्यात जास्त प्रश्न यावरच येतात. आधी वय बघा. तीन-चार वर्षांचं मूल "दूध मी नाही मनीने सांडलं" म्हणतं तेव्हा ते गुन्हेगार व्हायला निघालेलं नसतं, त्या वयात खोटं बोलायला जमायला लागणं ही वाढीचीच एक पायरी आहे. आणि फार लहान मुलं हेतू कमी बघतात, नुकसान किती झालं ते बघतात, हे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय, चुकून पंधरा कप फुटले तर ते मोठं पाप आणि चोरून जाम काढताना एक फुटला तर छोटं. त्यामुळे त्यांच्याशी हेतूवर लेक्चर देण्यात अर्थ नाही, फडकं हातात द्या आणि सोबत पुसा.

शाळेत जाणाऱ्या मुलाबाबत माझा नियम एकच, ज्याचं उत्तर आपल्याला माहितीये तो प्रश्न विचारायचा नाही. समजा टेस्टचा पेपर दप्तरात कप्प्याच्या खाली घडी घालून ठेवलेला तुम्हाला मिळाला, २५ पैकी ९. आता घराघरात काय होतं ते बघा:

"काय रे, गणिताचा पेपर मिळाला का?"
"नाही, बेन आल्याच नाहीत."
"नक्की?"
"हो ना आई, देवाशपथ."

झालं, एका मार्काच्या प्रॉब्लेममधून आपण तीन खोट्या गोष्टी आणि वर एक शपथ तयार करून घेतली. सापळा आपण लावला. त्यापेक्षा पेपर टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, "हा मला दप्तरात दिसला. दाखवायला भीती वाटली असेल. बस, कुठलं अडलं ते बघू, सही मी करते." ओरडायचं असेल तर मार्कांवर ओरडू नका, निदान त्या दिवशी तरी. पेपर लपवला त्याबद्दल एकच वाक्य बोला, "पुढच्या वेळी तू स्वतः आणून दिलास तर मी नऊवर काही बोलणार नाही." आणि मग पुढच्या वेळी खरंच बोलायचं नाही, इथेच सगळे नापास होतात. पोराने हिंमत करून सात मार्कांचा पेपर आणून दिला आणि आपण "सात??" असं किंचाळलो की संपलं, पुढचे पेपर कप्प्याखाली.

गोष्टी सांगण्याबद्दलही एक मजेशीर शोध आहे. कॅनडातले कांग ली आणि व्हिक्टोरिया तलवार यांच्या टीमने २०१४ मध्ये ३ ते ७ वर्षांच्या मुलांवर प्रयोग छापला. मुलाला म्हणायचं मागे वळून खेळणं बघू नकोस, मग खोलीबाहेर जायचं, मूल बघतंच. परत येऊन एक गोष्ट वाचून दाखवायची आणि मग विचारायचं, बघितलंस का. "लांडगा आला रे आला" ऐकून काही फरक पडला नाही, खोटं बोलल्यावर नाक लांब होणाऱ्या पिनोकिओनेही नाही. फरक पडला तो लहानपणी झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या गोष्टीने, ज्यात वडील खरं सांगितल्याबद्दल खुश होतात. आणि तीच गोष्ट बदलून खोटं बोलल्याने वाईट होतं यावर भर दिला तर परिणाम गायब. तेव्हा आजीला सांगा, लांडग्याची गोष्ट करमणूक म्हणून सांग हवी तर, पण खरं बोलून कोणाचं तरी भलं झालं अशाही दोन-चार सांग.

चौथी पायरी: शिक्षा कमी, भरपाई जास्त

नव्या टीचर्ससाठी आधी कायद्याचं, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७, शाळेत मुलाला मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला बंदी आहे. "मानसिक" हा भाग लोक विसरतात. बाकाबाहेर उभं करून सगळ्या वर्गाला हसवणं हेही त्यातच आलं.

समजा वर्गात कोणाचा तरी नवा कंपास गेला, रडारड झाली. दप्तरं चेक करायची नाहीत. समजा सापडला, तर ज्याच्या दप्तरात सापडला तो पुढची चार वर्षं त्या वर्गात चोर म्हणून ओळखला जातो, आणि नाही सापडला तर चाळीस मुलांना आपण संशयित केलं. मी काय करते, दाराजवळ एक खोकं ठेवलेलं आहे, सापडलेल्या वस्तूंचं. दिवसाच्या शेवटी सांगते की कंपास कोणाकडे चुकून गेला असेल, उद्या प्रार्थनेच्या आधी खोक्यात आला तर मी एकही प्रश्न विचारणार नाही. पुष्कळदा येतो, पेन्सिल अर्धी झालेली असते पण येतो. नाही आला तर नाही आला, प्रत्येक वेळी यश मिळायला हा काही सीआयडीचा एपिसोड नाही.

आणि कोणी केलं ते माहिती असेल तर बाजूला घेऊन तीनच प्रश्न. काय झालं? कोणाला त्रास झाला? आता नीट कसं करायचं? "का केलंस" हा प्रश्न मी विचारत नाही, त्याला मुलांकडे उत्तर नसतं, मग ती काहीतरी बनवून सांगतात. भरपाई काय करायची ते त्याच्याकडूनच येऊ द्या. वही फाडली तर नवीन वहीत तेवढी पानं उतरवून द्यायची, पाणी सांडलं तर फरशी पुसायची, कोणाला चिडवलं तर नुसतं सॉरी नाही चालणार, सॉरी हा शब्द आमच्याकडे आता शिंकल्यासारखा निघतो. घरीसुद्धा हेच. भावाचं खेळणं मोडलं तर चार दिवस टीव्ही बंद करण्यात काही संबंध लागत नाही, फेविक्विक घेऊन बसा दोघं, आपल्या देखरेखीत.

पाचवी पायरी: खरी जबाबदारी द्या, खोटी नको

माझ्या मते सगळ्यात कामाची पायरी ही. मुलांना आपण जबाबदारी देतो ती नाटकातली असते, मॉनिटरचा बिल्ला वगैरे. खरी जबाबदारी म्हणजे जिथे चूक झाली तर खरंच काहीतरी बिघडतं, आणि बडोद्यात त्याची तयार शाळा आहे, बाल गणपती. आमच्या पोळीत (म्हणजे जुन्या वस्तीतल्या गल्लीत) मोठ्यांच्या मंडळाशिवाय मुलांचा वेगळा छोटा गणपती असतो, बऱ्याच ठिकाणी असतो, पोरं घरोघर वर्गणी मागतात, आणि पैशाचं सगळं शेवटी कुठल्यातरी काकांच्या खिशात असतं. ते काकांच्या खिशातून काढा.

पद्धत अशी. पाचवी ते आठवीतली मुलं घ्या. पैसे एकाकडे, वही दुसऱ्याकडे, दोघं सख्खे मित्र नसलेले बरे. दहा रुपये असोत की पाचशे, पावती फाडल्याशिवाय वर्गणी घ्यायची नाही. खर्च करायला नेहमी दोन जण जायचे. आणि रोज संध्याकाळी आरतीच्या आधी ओटल्यावर बसून पैसे मोजायचे, वहीशी जुळवायचे आणि तो कागद मांडवाच्या कनातीला टाचणीने लावायचा, सगळ्यांना दिसेल असा. कागद मुलांच्या अक्षरात, "अगरबती" अशा शुद्धलेखनासकट. मोठ्यांनी सुधारायचा नाही.

मोठ्यांचं काम फक्त एक, मधे न पडणं, आणि ते फार अवघड जातं. एका वर्षी दुसऱ्याच दिवशी चाळीस रुपये कमी आले. लगेच तीन काका खिशात हात घालून तयार, "जाऊ द्या रे, हे घ्या चाळीस." मी त्यांना अक्षरशः हाताने थांबवलं. वहीवाल्या मुलीने वहीत लिहिलं, "४० रु. लागत नाहीत", आणि कागदावरही तेच. दुसऱ्या दिवशी परत तेच वाक्य, कारण ते मागच्या शिलकीत येतच राहतं ना. येणारे-जाणारे वाचायचे, कोणी ओरडत नव्हतं, फक्त वाचायचे. तिसऱ्या दिवशी एक जण स्वतःच येऊन म्हणाला की सुतळी आणायला गेलो तेव्हा बरफगोळा खाल्ला होता, तीस रुपयांचा, उद्या आणून देतो. कॅशियरने काय करावं, तर काही बोलला नाही, वहीत लिहिलं "३० उद्या". बाकीचे दहा शेवटपर्यंत सापडले नाहीत आणि विसर्जनाच्या दिवशीच्या हिशोबातही ते तसेच "१० लागत नाहीत" म्हणून राहिले. मला ते दहा रुपये फार आवडतात. कारण शेजारी मोठ्यांच्या मंडळाचा हिशोब दर वर्षी शून्यावर जुळतो.

घरी करायचं असेल तर छोटं काहीतरी द्या. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब मुलीकडे. लायब्ररीचं कार्ड तिच्या स्वतःच्या नावावर, उशीर झाला तर दंड तिच्या पॉकेटमनीतून. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा आहे, १९१० मध्ये सयाजीरावांनी अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं सुरू केलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या, म्हणजे परत येतील या भरवशावरच ना. दूधवाल्याच्या हिशोबात ती एक दिवस चुकली तर पैसे जास्त जातील, जाऊ द्या. ट्युशनच्या फीपेक्षा स्वस्त आहे.

सहावी: कौतुक जपून करा

"माझा सोनू किती हुशार" हे वाक्य थोडं कमी करा. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग छापले. काही मुलांना म्हटलं तू हुशार आहेस, काहींना म्हटलं तू मेहनत घेतलीस. नंतर अवघड पेपर दिला आणि दुसऱ्या शाळेतल्या मुलांना आपले मार्क लिहून कळवायला सांगितले. हुशार म्हटलेल्यांपैकी जवळपास ४० टक्के मुलांनी मार्क वाढवून लिहिले, मेहनतवाल्यांमध्ये हे प्रमाण खूपच कमी होतं. बरोबरच आहे, हुशार हा मुकुट एकदा घातला की तो सांभाळायला लागतो. म्हणून जे केलं त्याचं नाव घेऊन बोला, "तू स्वतः येऊन सांगितलंस, बरं वाटलं." एवढं पुरतं, चॉकलेट नको.

इथेच प्रोजेक्टचं पण सांगते. पाणी वाचवा, ज्वालामुखी, सौरमाला, ही मॉडेलं स्टेशनरीत तयार मिळतात आणि रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत असते. टीचर लोकांनो, तुम्हीच वाकडंतिकडं मॉडेल वर ठेवा आणि दुकानातलं मागे, एका टर्ममध्ये पालकांना कळतं. भावनगरला १९२० मध्ये गिजुभाई बधेकांनी बालमंदिर काढलं, पुढे ताराबाई मोडक तिथे त्यांच्यासोबत काम करायच्या, तिथे मारही नव्हता आणि बक्षिसाची लालूचही नव्हती. शंभर वर्षं झाली आणि आम्ही अजून स्टारचे स्टिकर वाटतोय.

सातवी: उत्तरायण (संक्रांतीचे पतंग)

दया-माया शिकवायला डिसेंबर-जानेवारी सोडू नका. फिरकी आणायला मुलाला सोबत न्या आणि दोरी कसली आहे ते त्याला दुकानदाराला विचारून घ्यायला सांगा. नायलॉनच्या चायनीज दोरीवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी मागितली तर मिळते, आणि मुलांना वाटतं की बाजूच्या धाब्यावरच्यांकडे (गच्चीवरच्यांकडे) ती आहे तर आपले पतंग कापले जाणार. कापले जातीलच. इथे आपल्याला खरी संधी आहे, कारण चांगलं वागण्याचा तोटा इतका स्पष्ट वर्षभरात दुसरीकडे दिसत नाही. तेव्हा "आपण जिंकू तरीही" असली गोड खोटी आशा देऊ नका. सांगा की हरू, पतंग कापल्यावर ओरडतात ते काय पो छे ऐकून घेऊ, जास्त पतंग आणू. पक्षी पहाटे आणि संध्याकाळी थव्याने उडतात, त्या वेळात फिरकी खाली ठेवायची हे आधीच ठरवून घ्या, धाब्यावर उभं राहून ठरत नाही. १९६२ हा जनावरांच्या ॲम्ब्युलन्सचा नंबर मुलाकडून पाठ करून घ्या आणि दुसऱ्या दिवशी झाडात, तारांत अडकलेली दोरी गोळा करायला त्याच्या मित्रांना घेऊन निघा. जखमी कबूतर एकदा हातात घेतलेलं मूल पुढच्या वर्षी दोरीच्या दुकानात वेगळं वागतं, हे मी बघितलंय.

मोठी झालेली मुलं, मोबाईल, गरबा

चौदा-पंधराच्या पुढे वर लिहिलेलं बरंचसं चालत नाही, तिथे बोलणी करावी लागतात. नवरात्रीत किती वाजता घरी यायचं हे पहिल्या नोरत्याच्या (पहिल्या रात्रीच्या) आधी ठरवा, वेळ मुलीला आधी सांगू द्या, मग तुम्ही सांगा, मधे कुठेतरी या. आणि एक कलम असं ठेवा की अडचण आली, सोबतचे नीट वाटले नाहीत, कुठे अडकले, तर फोन करायचा, मी घ्यायला येईन आणि त्या रात्री एक शब्द विचारणार नाही. आणि मुलाची वेळ तीच, जी मुलीची. यावर घराघरात भांडणं होतील, होऊ द्या.

मोबाईल लपूनछपून चेक करू नका, चेक करणार असाल तर सांगून करा. वर्गाच्या ग्रुपवर कोणाचा तरी फोटो काढून त्यावर जोक चालतात, तिथे एकच कसोटी सांगायची, हे त्याच्या आईसमोर मोठ्याने वाचून दाखवू शकतोस का? नसशील तर फॉरवर्ड नको. ग्रुप सोडायला लावू नका, त्यापेक्षा ज्याची टिंगल झाली त्याला वेगळा एक मेसेज टाकायला सांगा.

हे विसरू नका: "मोठ्यांचं ऐक" याला मर्यादा आहे

आपल्याकडे चांगलं मूल म्हणजे ऐकणारं मूल. मला हे पटत नाही आणि ते धोक्याचंही आहे. कोणी काका, सर, व्हॅनवाला, नातेवाईक, कोणीही अंगाला नको तसा हात लावला किंवा "घरी सांगू नको" म्हणाला तर तिथे न ऐकणं हेच बरोबर, हे मुलाला स्पष्ट शब्दांत सांगा, पहिलीत असल्यापासून. पाहुण्यांच्या मांडीवर बसायला, पापी द्यायला जबरदस्ती करू नका, दोन्ही हात जोडून नमस्कार पुरे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, तोही पाठ हवा.

शाळा आणि घर जोडायचं कसं

पेरेंट मीटिंगला आईबाबा येतात, मार्क बघतात, "लक्ष देत नाही का हो बेन?" विचारतात आणि जातात. पुढच्या वेळी हे विचारा: मधल्या सुट्टीत हा कोणासोबत बसतो? कोणाशी भांडण झालं तर काय करतो? चूक झाली की सांगतो की लपवतो? बेनलाही उत्तर शोधायला लागेल, आणि मग ती पुढच्या महिन्यात नीट बघेल. तुम्ही घरी जी एक गोष्ट धरली आहे ती तिला सांगून ठेवा, म्हणजे वर्गात तीच पकडता येते.

नव्या टीचर्सनी फोन फक्त तक्रारीला करायचा नाही. वर्षात एकदा तरी प्रत्येक घरी एखादी चांगली गोष्ट कळवायची, "आज त्याने स्वतःहून सांगितलं की काच त्याच्या बॉलने फुटली." समोरून आधी घाबरलेला आवाज येतो, मग तिकडून विचारतात, "बस, एवढंच?" हो, एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा. काचेच्या पैशाचा विषय दुसऱ्या दिवशी, मुलासमोर बसून काढायचा, आणि त्यातले थोडे तरी त्याच्या गल्ल्यातून घ्यायचे.